भुक्तवय

नाशिकच्या शीतनिद्रा केंद्रात माणसाला झोपवायला फारसा वेळ लागत नसे. वेळ जाई तो त्याची समजूत घालण्यात. केंद्राचा प्रमुख डॉ. शार्दूल उकिडवे या कामात पटाईत होता. भल्या भल्या घाबरट म्हाताऱ्यांना त्याने गोड बोलून निद्राकोशात आडवे केले होते. त्या दिवशी मात्र कोशाच्या काठावर पाय सोडून बसलेले गृहस्थ त्याचे वडील होते आणि ते अजिबात घाबरलेले नव्हते. ते खुशीत होते.

डॉ. अभिजित उकिडवे यांनी सिन्नरला दातांचा दवाखाना चालवण्यात उभा जन्म घालवला होता. आयुष्यभर लोकांच्या तोंडावर वाकून त्यांची पाठ कामातून गेली होती. एका पेशंटने त्यांना थिलारू नावाच्या बेटाबद्दल सांगितले. हिंदी महासागरातले एवढेसे बेट, दोन तासांत पायी फिरून संपणारे. त्याच्या मधोमध खाऱ्या, संथ पाण्याचे तळे. पाणी इतके खारट की पोहता न येणारा माणूसही त्यावर नुसता पडून राहू शकतो. तेव्हापासून म्हाताऱ्याच्या डोक्यात दुसरे काही नव्हते. पाण्यावर उताणे पडायचे, पाठीला काहीही टेकू द्यायचे नाही आणि वर बघायचे. बेट त्यांनीच शोधले, नकाशा त्यांनीच आणला, वारा कुठल्या महिन्यात पडतो तेही त्यांनीच काढले. बेटाचा परवाना मिळवण्याचे काम तेवढे मुलावर सोपवले.

परवाना दोघांचाच, शार्दूल आणि त्याच्या बायकोचा, मिळाला हे शार्दूलने त्यांना सांगितले नाही. सांगायचे तर त्याने तो दोघांचाच मागितला होता हेही सांगावे लागले असते. आदल्या वर्षी तिघे कूर्गला गेले होते. तिथे बाबांनी रोज सकाळचा चहा परत पाठवला, हॉटेलच्या आचाऱ्याला वरणभात शिकवला आणि जेवण वाढणाऱ्या पोराला सगळ्यांदेखत तोंड उघडायला लावून त्याची दाढ किडल्याचे जाहीर केले. घरी आल्यावर शार्दूलच्या बायकोने, मृण्मयीने, शांतपणे सांगितले होते की थिलारूला बाबा येणार असतील तर ती घरी थांबेल. मूलसुद्धा याच मोकळेपणासाठी होऊ दिले नव्हते. आणि आता हे एकाहत्तर वर्षांचे मूल.

म्हणून शार्दूलने वडिलांना एक शास्त्रीय वाटेल अशी थाप मारली. सत्तरीपुढच्यांनी समुद्रविमानात जागेपणी बसायचे नसते, हवेचा दाब सोसत नाही. इथे झोपायचे आणि तिथे वाळूवर उठायचे. म्हाताऱ्याने मान डोलावली, कवळी काढून डबीत ठेवली आणि आडवा झाला.

कोश बंद झाल्यावर शार्दूलची सहायक डॉ. जस्मिन मुजावर हिने विचारले की कोश विमानतळावर कधी पाठवायचा.

“पाठवायचा नाही,” शार्दूल म्हणाला.

जस्मिन नवी होती, तिचा चेहरा तिच्या ताब्यात नसे. शार्दूलला राग आला नाही. त्याने तिची तोंडी परीक्षाच घेतली.

“शीतनिद्रेत शरीराचं काय होतं?”

“चयापचय शंभरपटीनं मंदावतो, सर. जवळजवळ थांबतोच.”

“आणि वय?”

“वय पेशींवर खुणा करत जातं. झाडाच्या खोडात वर्षाची वळी पडतात तसं. झोपेत त्या खुणा पडायच्या थांबतात. कॅलेंडर पुढे जातं, माणूस जात नाही.”

“म्हणजे शरीरानं प्रत्यक्ष भोगलेलं वय तेवढंच खरं. त्याला आपण काय म्हणतो?”

“भुक्तवय.”

“बाबांचं भुक्तवय आज एकाहत्तर. आम्ही परत येऊ तेव्हाही एकाहत्तर. मग त्यांचं काय गेलं?”

जस्मिनने विचार केला आणि प्रामाणिकपणे काही नाही असे उत्तर दिले. जिथे काही जातच नाही तिथे फसवणूक कसली, असे शार्दूल म्हणाला आणि सामान बांधायला निघून गेला. कायद्याचीही अडचण नव्हती. सुरुवातीच्या काळात म्हातारी माणसे सुई टोचल्यावर मध्येच उठून पळायला बघत आणि जिवावर बेते, म्हणून सत्तरीनंतरचा निर्णय पालकाकडे दिलेला होता. पालक म्हणजे घरातला वयाने लहान असा रक्ताचा नातेवाईक. नवराबायकोला एकमेकांचे पालक होता येत नसे. हा कायदा करणाऱ्या समितीतल्या सगळ्यांची लग्ने झालेली होती, त्यामुळे या कलमावर वाद झाला नव्हता.

थिलारू खरोखरच सुंदर होते. शार्दूल रोज त्या तळ्यावर उताणा पडे आणि त्याला वडिलांची आठवणही येई, नाही असे नाही. आठवण आली की तो डोळे मिटून घेई.

परत आल्यावर धुण्याचे ढीग होते, साठलेली कामे होती. सोमवारी बाबांना उठवू, असे ठरले. सोमवारी मृण्मयीच्या मैत्रिणी जेवायला होत्या. मग दिवाळी आली. घर फार शांत आणि मोठे वाटू लागले होते. झोपलेल्या माणसाला उशीर होत नाही, हे शार्दूलला हळूहळू कळत गेले. जागा असलेला म्हातारा आठवडाभर थांबला तर त्याचा आठवडा जातो. झोपलेल्याचा जात नाही. म्हणजे त्याला उठवण्याची घाई कधीच नसते, आजही नाही आणि उद्याही नाही. हा हिशेब इतका चोख होता की शार्दूलला त्यात आपला स्वार्थ दिसलाच नाही. वाईट माणूस स्वतःला वाईट समजून वाईट वागत नाही. तो हिशेब बरोबर आला की निर्धास्त होतो.

एकच अट शरीराने घातलेली होती. आतड्याचे अस्तर वर्षभराहून अधिक उपाशी राहिले की सडते. म्हणून झोपलेल्याला वर्षातून चार दिवस जागे करून मऊ भात खाऊ घालावाच लागे. त्यातून सुटका नव्हती.

पहिल्या जागरणाला बाबांनी डोळे उघडले ते केंद्रातल्या पांढऱ्या छताखाली. वाळू कुठे, असे त्यांनी विचारले. मृण्मयी उत्तर तयार ठेवूनच आली होती.

“बाबा, जाऊनसुद्धा आलात तुम्ही. या औषधानं शेवटच्या दिवसांची आठवण पुसली जाते. काय मजा केलीत!”

“मी पाण्यावर पडलो?”

“तासन् तास.”

“कानात पाणी गेलं असेल.”

“गेलं ना. मान हलवत बसला होतात.”

म्हातारा हसला. मग त्याने सगळे परत सांगायला लावले. आकाश कसे होते, पाठ दुखली का, बाहेर काढताना कोणी हात दिला. मृण्मयी सांगत होती आणि तो लहान मुलासारखा ऐकत होता. शेवटी म्हणाला, “परत जाऊ या. या वेळी मी नीट लक्ष देईन.”

शार्दूल तेवढ्यापुरता खोलीबाहेर गेला. त्याला वाईट वाटले होते. मग परत आत येऊन त्याने पुढच्या वर्षी नक्की जाऊ असे कबूल केले, आणि चार दिवस बाबांनी पलंगावर नकाशा पसरून सुट्टी आखली. सकाळी कुठे जायचे, ऊन चढल्यावर कुठे बसायचे, कोणती टोपी. कबूल केल्याप्रमाणे शार्दूल आणि मृण्मयी पुढच्या वर्षी गेलेच.

दुसऱ्या जागरणाला मृण्मयी घाईत होती. तुम्ही थेट होडीपर्यंत पोहत गेलात, असे ती सांगून बसली. बाबांना पोहता येत नव्हते. रोज दोनदा दात घासतो म्हणणाऱ्या पेशंटकडे ते ज्या नजरेने बघत, तसे ते तिच्याकडे थोडा वेळ बघत राहिले. त्यानंतर कुठल्याही जागरणाला त्यांनी बेटावर काय झाले हे विचारले नाही. सुट्टी मात्र आखत राहिले, दर वर्षी नव्याने, बारकाईने. दुसरे करण्यासारखे त्यांच्या हातात काय होते?

आणखी एक गोष्ट ते न चुकता करत. उठले की शार्दूलला म्हणत, “तोंड उघड.” हात धुऊन, दिवा जवळ ओढून ते त्याचे दात बघत. एका वर्षी हिरड्या खाली सरकल्या होत्या. एका वर्षी डावीकडची दाढ नव्हती. मग सुळ्यांची टोके झिजली. म्हाताऱ्याला दर वेळी काल झोपून आज उठल्यासारखे वाटे, आणि एका रात्रीत मुलाचा एक दात जाई. शार्दूलला या तपासणीचा मनस्वी तिटकारा होता, पण चार दिवस शांततेत जावेत म्हणून तो आ करून उभा राही.

कायद्याची अडचण पुढे आली ती निराळ्याच बाजूने. ऐंशी वर्षांपुढच्या माणसाला झोपवून ठेवायला कायद्याची बंदी होती आणि कागदोपत्री बाबा ऐंशीला टेकले होते. बंदी लागू झाली असती तर त्यांना उठवून कायमचे घरी आणावे लागले असते. शार्दूल तेव्हा समितीचा अध्यक्ष होता. त्याने एका बैठकीत दुरुस्ती सुचवली: या कायद्यात जिथे जिथे वयाचा उल्लेख आहे, तिथे तिथे ते भुक्तवय समजावे.

जस्मिनही समितीवर होती. ही व्याख्या एका ऐंशीच्या कलमापुरती ठेवावी, सगळ्या कायद्याला लावू नये, असे तिने सुचवून पाहिले.

“का?” शार्दूलने विचारले. “विज्ञानात माणसाला दोन वयं असतात का? शरीर जे सांगतं ते एकच वय. इथे ते मानायचं आणि तिथे कॅलेंडर काढायचं, हे आपल्याला शोभत नाही.”

भाषण उत्तम झाले. दुरुस्ती एकमताने मंजूर झाली आणि बाबा पुन्हा एकाहत्तर वर्षांचे होऊन झोपले.

त्यानंतरची वर्षे भुर्रकन गेली, जागेपणी जातात तशी. शार्दूल आणि मृण्मयी थिलारूला जात राहिले. आधी धावत, मग चालत, मग तळ्यापर्यंत गाडीने. शार्दूलच्या गुडघ्यांनी दगा दिला, दात सगळेच गेले, हातात काठी आली. स्वतःला म्हातारे म्हणवून घ्यायला तो अजूनही तयार नव्हता. म्हातारा या शब्दाने त्याला कोशातला माणूस आठवे. केंद्राचे काम जस्मिनवर सोपवून त्याने एक शेवटची मोठी योजना आखली. अख्खा हिवाळा बेटावर काढायचा. थंडीत त्याची हाडे ठणकत, रात्र रात्र झोप येत नसे. त्या कोमट पाण्यावर पडले की तेवढ्यापुरते तरी काही दुखत नसे. बाकी कशाचीच त्याला आता ओढ उरली नव्हती. परवाना हातात आला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले.

निघण्यापूर्वी बाबांचे जागरण उरकून त्यांना परत झोपवायचे होते. जागरणाच्या शेवटच्या दिवशी तो आणि मृण्मयी केंद्रात गेले. बाबा पलंगावर बसून भात खात होते. या खेपेला त्यांनी शार्दूलला आ करायला लावले नव्हते, त्याची कवळी त्यांना दारातूनच दिसली होती. शार्दूलने सवयीने भुक्तवय मोजणाऱ्या पेशीमापकावर बोट टेकवले. पालकाचे बोट, मग पाल्याचे, की संमती पुरी. दर वर्षी यंत्र हिरवे होई. आज ते लाल झाले.

जस्मिनने आकडे पाहिले. तिच्या केसांतही आता रुपेरी बटा होत्या आणि चेहरा पुरता ताब्यात आला होता.

“सर, तुमचं भुक्तवय काकांपेक्षा आठ महिन्यांनी जास्त झालंय,” ती म्हणाली. “या घरात वयानं लहान आता ते आहेत.”

शार्दूल हसला. “तो माझा बाप आहे, जस्मिन.”

“कायद्यात बाप नाही, सर. फक्त वयानं मोठा आणि वयानं लहान. त्यांच्याहून लहान असं रक्ताचं कोणी नाही, म्हणून ते स्वतःचे मुखत्यार. आणि तुम्ही सत्तरी ओलांडलीत, म्हणून तुमचे पालक तेच.”

शार्दूलचे हसू मावळले. दुरुस्तीचा शब्द अन् शब्द त्याचा स्वतःचा होता, त्यात पळवाट ठेवू नये याची काळजीही त्यानेच घेतली होती. बाबांनी ताटली बाजूला ठेवली, तोंड पुसले आणि जस्मिनला दोन प्रश्न विचारले. झोपवण्याचा अर्ज पालकाने करायचा ना? आणि कारण काय लागते? जस्मिन म्हणाली की पालकाला सुट्टीवर जायचे असेल तर तेवढे पुरते. पाल्याच्या नावावरचा प्रवासाचा परवानाही पालकाला वापरता येतो.

“मग लिही,” बाबा म्हणाले. “मी बेटावर चाललोय. घरात म्हातारा मुलगा आहे आणि त्याच्याकडे बघायला कोणी नाही.”

शार्दूलने बायकोकडे पाहिले. तिने मी आहे ना म्हणावे, एवढेच त्याला हवे होते. मृण्मयी आपले सुजलेले गुडघे चोळत होती. तिची पेटी दाराशी बांधून तयार होती.

“मला गरम वाळूत पाय पुरून बसायचंय, शार्दूल,” ती म्हणाली. “शेजारी कोण आहे यानं मला आता फरक पडत नाही. आणि तुला तर कळणारही नाही.”

तेव्हा शार्दूलला खरी भीती वाटली. भीतीपोटी तो चिडला, आणि चिडला की त्याच्यातला प्राध्यापक जागा होई. त्याने वडिलांना सगळा हिशेब मांडून दाखवला.

“आठ महिने, बाबा. फक्त आठ महिने. मी झोपेत आहे तिथेच थांबेन आणि तू तिकडे जागा राहून म्हातारा होत जाशील. आठ महिन्यांनी वयानं लहान मी असेन. पालक मी असेन. मग तुला मी असा झोपवेन की कोणी विचारायलाही येणार नाही.”

बाबांनी हे सगळे लक्षपूर्वक ऐकून घेतले. राग त्यांच्या चेहऱ्यावर दिसला नाही. अवघड दाढ कुठल्या बाजूने धरावी याचा विचार करावा तसा त्यांनी थोडा वेळ विचार केला.

“म्हणजे मी जागा राहिलो तर,” ते म्हणाले. “जस्मिन, बेटावर निद्राकोश आहेत का?”

“आहेत, काका. हल्ली सगळ्याच बेटांवर ठेवतात.”

“आणि याला वर्षातून किती जागं करावं लागेल?”

“चार दिवस.”

“मग मीही तिथे चारच दिवस जागा राहीन. याचे असतील तेच चार. बाकी वर्ष झोपेन. याचं वय चार दिवसांनी वाढेल, माझंही चार दिवसांनी वाढेल. आठ महिने आहेत ते आठ महिनेच राहतील.”

शार्दूल त्या हिशेबात चूक शोधत होता. शीतनिद्रेवरचा देशातला सर्वांत मोठा तज्ज्ञ होता तो. त्याने तो हिशेब उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. मृण्मयी जाईल, जस्मिन जाईल, हे केंद्र चालवणारी माणसे बदलत राहतील, आणि आठ महिन्यांच्या अंतरावर हे दोन म्हातारे असेच राहतील. एक दर वर्षी चार दिवस पाण्यावर पडेल आणि दुसरा तेच चार दिवस पांढऱ्या छताखाली मऊ भात खाईल. हिशेबात चूक नव्हती.

“बाबा, माझं चुकलं,” तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला, आणि त्या क्षणी ते त्याला मनापासून वाटतही होते. “आपण दोघं जाऊ. मी तुला पाण्यापर्यंत हात धरून नेतो.”

“तू फार तक्रारी करशील,” बाबा म्हणाले. “गुडघे, कंबर, झोप. मला चारच दिवस आहेत.”

त्यांनी उशीखालून नकाशा काढला. घड्यांवर तो पार विरला होता. तो त्यांनी मुलाच्या मांडीवर पसरला आणि चष्मा लावला.

“तू इतक्या वेळा जाऊन आलायस. मला तळ्याची कुठली बाजू बरी?”

शार्दूलने ओठ घट्ट मिटून घेतले. पलीकडे जस्मिनने कुपी फोडून औषध सुईत भरायला घेतले. ते पाहताच त्याचे तोंड आपोआप उघडले.

“पूर्वेची,” तो घाईघाईने म्हणाला. “सकाळी तिकडे वारा नसतो. काठाला शेवाळ असतं, तिथे जपून पाय टाकायचा. डावीकडे एक दोर बांधलेला आहे, तो धरून उतरायचं.”

“आणि दुपारी?”

“दुपारी पाणी तापतं, तेव्हा पश्चिमेला जायचं. तिथे माडांची सावली पाण्यावर येते. सावलीत पडलं की डोळ्यांवर ऊन येत नाही.”

बाबा नकाशावर पेन्सिलीने खुणा करत होते. जस्मिन सुई घेऊन थांबली होती, कारण काकांचे अजून विचारून झाले नव्हते. हे शार्दूलच्या ध्यानात आले तसा तो न विचारलेलेही सांगू लागला. मासे कोण चांगले शिजवते, भरतीच्या वेळी तळ्याचा रंग कसा बदलतो, पाठ पहिल्यांदा पाण्याला लागते तेव्हा काय वाटते, कान बुडले की बाहेरचे सगळे आवाज कसे बंद होतात. त्याचा घसा कोरडा पडला. मृण्मयीने त्याला पाणी दिले आणि विमानाची वेळ होत आल्याचे हलकेच सांगितले. बाबांनी आणखी एक प्रश्न विचारला, चपला वाळूत काढून ठेवल्या तर चालतात का. चालतात, शार्दूल म्हणाला, कोणी चोरत नाही. मग त्याला पुढे काय सांगावे ते सुचेना.

बाबांनी नकाशाची नीट घडी घातली. मुलाचा हात त्यांनी आपल्या मांडीवर घेतला आणि त्याच्या सदऱ्याची बाही कोपरापर्यंत वर सारली.